पहिले अल्कोहोल मार्कर घेताना

अल्कोहोल मार्कर म्हणजे अल्कोहोलच्या शाईचे रंगपेन. शंभर-दीडशे रंगांच्या सेटच्या मोहात आत्ताच पडू नकोस. आधी टोक बघ. ब्रशसारखं लवचिक टोक असेल तर दाब कमी-जास्त करून रंग एकमेकांत मुरवता येतात. कडक, तिरकस टोक मोठे सपाट भाग भरायला बरं, पण चेहऱ्यावरच्या छटांना ते फारसं साथ देत नाही. ओहुहू या ब्रँडचे काही सेट ब्रश टोकाचे, तर काही फक्त तिरकस आणि बारीक टोकाचे असतात, तेव्हा डब्यावरचं नीट वाचून घे. प्रोमार्कर या दुसऱ्या ब्रँडचंही तेच: 'ब्रश' लिहिलेला प्रकार वेगळा.

कॉपिक हा ब्रँड महाग आहे, वादच नाही. पण शाई पुन्हा भरता येते, झिजलेलं टोक चिमट्याने ओढून बदलता येतं. त्यांच्या 'स्केच' प्रकारात ३५८ रंग आहेत. त्यांच्याच 'सियाओ' प्रकारात १८०, पण शाई तीच आणि किंमत कमी. कॉपिकच्या ई११ सारख्या रंग-क्रमांकात शेवटचा आकडा जितका मोठा, तितका रंग गडद. एकाच गटातल्या फिकट, मध्यम, गडद अशा तीन छटा घेतल्या की काम भागतं.

माझं मत विचारशील तर शिकताना ओहुहूचा लहान ब्रश सेट घे आणि वाचलेले पैसे मार्कर पेपरवर घाल. साध्या कागदावर शाई पसरते, मागे उतरते आणि दोष बिचाऱ्या मार्करला! टोपणाच्या रंगावर तर कुठल्याच ब्रँडचा भरवसा धरू नकोस. प्रत्येक रंगाचा ठिपका स्वतः काढून, वाळल्यावर बघ. दोन टोकांचे मार्कर आडवे ठेव. आणि चित्र भिंतीवर लावायचं असेल तर उन्हापासून लांब, ही शाई उजेडात फिकी पडते.