जुनं टर्बो विमान घेताय? आधी लॉगबुक उघडा

जळगाव, धुळे आणि शिरपूर इथे विमान चालवायचं शिक्षण मिळायला लागलं, तसा ‘स्वतःचं विमान’ हा विषय खान्देशातही निघू लागला. पिस्टन इंजिनांच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून वाचक असे प्रश्न माझ्याकडे पाठवतात. या वेळचे जवळपास सगळे प्रश्न एकाच जातीच्या विमानाचे आहेत : एका इंजिनाचं, टर्बो बसवलेलं, वापरलेलं विमान.

प्रश्न (रावेर) : आमची केळीची शेती आणि निर्यात आहे. खासगी वैमानिकाचा परवाना मिळून दोन वर्षं झाली. जळगावला ठेवायला जुनं विमान बघतोय. इकडचं ऊन पाहता टर्बोच घ्या, असं मित्र सांगतात. ऐकावं का?

उत्तर : मित्रांचं अर्धं ऐका.

आधी उन्हाचा हिशोब मांडू. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 840 फुटांवर आहे. एवढ्या उंचीवर प्रमाण तापमान 13 अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी पारा 44 वर गेला, म्हणजे 31 अंश जास्त झाले. दर अंशामागे 120 फूट हा आपल्या क्षेत्रातला नेहमीचा ठोकताळा. तो लावला की जळगावात उभं असलेलं विमान साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. एवढ्या विरळ हवेत साध्या इंजिनाची ताकद सुमारे 14 टक्क्यांनी घटते.

इथे टर्बो कामाला येतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर एक चक्र फिरतं. त्याच शाफ्टवरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. गेलेली ताकद बरीचशी परत मिळते. एवढं मित्रांचं बरोबर आहे.

पण टर्बो फक्त इंजिनाला हवा देतो. पंखाला आणि पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, तीच विरळ हवा कापावी लागते. वेगाच्या घड्याळात 70 नॉट (तासाला 70 सागरी मैल) दिसत असताना त्या दुपारी विमान खरं तर 75 नॉटच्या आसपास धावत असतं. त्यामुळे उतरल्यावर ब्रेकना सुमारे 14 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. धावपट्टी तुम्हाला तेवढीच जास्त लागणार आणि टर्बो तिथे काहीही मदत करत नाही. शिवाय इंजिन थंड ठेवणारी हवाही तीच 44 अंशांची. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते, म्हणून उन्हाळ्यात टर्बो इंजिन चढताना साध्या इंजिनापेक्षा लवकर गरम होतं.

आता तुम्ही जाणार कुठे ते पाहा. इंदूर, सुरत, छत्रपती संभाजीनगर, पुणे ही अंतरं लहान आहेत. तेवढ्यासाठी सोळा-सतरा हजार फूट गाठायचे तर चढण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात आणि लगेच उतरायची वेळ होते. आपल्या वाटेत हिमालय नाही. सातपुडा आणि सह्याद्री ओलांडायला साधं इंजिन पुरतं. दोघंच जण, आठ-नऊ हजार फुटांवरून, सकाळी लवकर निघणार असाल, तर त्याच मॉडेलचं बिनटर्बोचं विमान घ्या. तेवढ्याच पैशात जास्त चांगल्या अवस्थेतलं मिळेल. चौघं बसून उन्हाळ्यात बेंगळुरूपर्यंत जायचं असेल आणि वैशाखातली धूळ आणि हेलकावे खाली सोडून वर जायचं असेल, तर टर्बोला अर्थ आहे. पण मग ऑक्सिजनची सोय आणि तो वापरायची शिस्त त्याच खर्चात धरा.

प्रश्न (धुळे) : मी डॉक्टर आहे. परदेशातल्या एका विमानाची जाहिरात पाहिली : 2004 सालचं मॉडेल, मूळचंच टर्बो इंजिन, ओव्हरहॉलच्या (इंजिन पूर्ण उघडून नव्याने जोडायच्या) 2000 तासांच्या मर्यादेपैकी 1100 झालेले, नेहमी हँगरमध्ये ठेवलेलं, गेल्या सहा वर्षांत फक्त 70 तास उडालेलं. कमी वापरलेलं म्हणून किंमत जास्त सांगतात. योग्य वाटते का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, ज्या आकड्यासाठी ते जास्त पैसे मागतात, त्याच आकड्यासाठी मी कमी दिले असते.

सहा वर्षांत 70 तास म्हणजे महिन्याला एक तासही नाही. अशा विमानांत बहुधा लायकमिंग किंवा काँटिनेंटल या कंपन्यांचं इंजिन असतं. लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि सगळ्यांत आधी तोच कोरडा पडतो. मोठ्या काँटिनेंटल इंजिनात तो क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) खाली असतो, म्हणून जरा सुरक्षित. पण सिलिंडरच्या आतल्या भिंती दोन्हीकडे गंजतात. दुसरी गोष्ट, ती 2000 तासांची मर्यादा एकटी नसते. दोन्ही कंपन्या तासांबरोबर 12 वर्षांचीही मर्यादा सांगतात. जाहिरातीत 900 तास शिल्लक दिसत असले, तरी कॅलेंडरप्रमाणे या इंजिनाची मुदत 2016 मध्येच संपली. किंमत ठरवताना ओव्हरहॉलचा पूर्ण खर्च वजा करूनच बोला.

बैल घेताना आपल्याकडे दात पाहतात आणि जोडी चालवूनही पाहतात. इथे दात म्हणजे लॉगबुक, विमानाच्या उड्डाणांची आणि दुरुस्त्यांची नोंदवही. पहिल्या पानापासून वाचा. मधे सहा-आठ महिन्यांची पोकळी कुठे आहे, एकच सिलिंडर पुन्हा पुन्हा का काढला, टर्बो केव्हा बदलला, प्रोपेलर जमिनीला घासल्याची नोंद आहे का, सगळं पाहा. लॉगबुकची एखादी वही हरवली असेल तर त्या काळात काहीच झालं नाही असं धरू नका. आणि तपासणीसाठी माणूस तुमचा लावा, ज्याने आजवर त्या विमानाला हात लावलेला नाही असा.

त्या माणसाकडून मी काय करून घेईन ते सांगतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये बोरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून व्हॉल्व्हचे फोटो. कॉम्प्रेशनची चाचणी. ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडायच्या, तेल पिळून काढायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं चुंबक त्यावरून फिरवायचं. पिशवीला बाहेरून लोखंडाचे कण चिकटले तर ते मोजा, कुठून आले ते शोधा. टर्बोचं चक्र हाताने फिरवून शाफ्टचा प्ले (सैलपणा) आणि पात्यांच्या टोकांवर घासल्याच्या खुणा बघायच्या. दाबलेली हवा नेणाऱ्या पाइपात तेल ओघळलेलं आहे का, एक्झॉस्टच्या जोडांवर राखाडी-पांढरे ओरखडे आहेत का, वेस्टगेट (टर्बोकडे किती वायू जायचे ते ठरवणारी झडप) मोकळा फिरतो का, हेही पाहायचं.

आणि एक क्लॅम्प. टर्बोमागे एक्झॉस्टचा पाइप धरून ठेवणारी व्ही-बँड नावाची पट्टी असते. एका विमानाच्या तपासणीत ती वरून अगदी चकचकीत होती, नट घट्ट होता. आरसा आणि टॉर्च घेऊन मागची बाजू पाहिली, तर स्पॉट वेल्डच्या ठिपक्यातून निघालेली केसाएवढी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. लॉगबुकात त्या क्लॅम्पचे तास कुठेही नोंदलेले नव्हते. तो क्लॅम्प हवेत तुटला असता तर जवळजवळ 900 अंश सेल्सिअसचा झोत थेट फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पडद्यावर, आला असता आणि त्याच बाजूने इंधनाच्या नळ्या जातात. असे अपघात झाले आहेत. म्हणूनच अमेरिकेच्या एफएएने (तिथल्या विमान वाहतूक नियामकाने) 2023 मध्ये अशा अनेक तुकड्यांच्या, स्पॉट वेल्ड केलेल्या क्लॅम्पना 500 तासांची मर्यादा घातली. तुमच्या विमानात कोणता क्लॅम्प आहे आणि त्याचे किती तास झाले, हे लेखी मागा.

इंजिन नुकतंच बदललेलं असेल तरी तारीख पाहा. 1 जून 2021 ते 7 फेब्रुवारी 2023 या काळात जोडलेल्या काँटिनेंटलच्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या काउंटरवेटच्या रिटेनिंग रिंग (तोल सांभाळणारी वजनं जागेवर धरणाऱ्या कड्या) तपासायला लावल्या होत्या. ती तपासणी झाल्याची सही हवी. विमान सिरस कंपनीचं असेल तर अख्खं विमान खाली आणणाऱ्या त्याच्या पॅराशूटचं दर 10 वर्षांनी करायचं काम केव्हा झालं तेही विचारा, तो खर्च किरकोळ नाही.

राहिली कागदपत्रं. भारतात आणायच्या जुन्या विमानाच्या वयाबद्दल डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम आहेत. ते मॉडेल इथे स्वीकारलेलं आहे का, मूळ देशातली नोंदणी रद्द झाल्याचा आणि निर्यातीसाठी उड्डाणयोग्य असल्याचा दाखला कोण देणार, आयातशुल्क किती, हे सगळं इसार देण्याआधी लेखी घ्या.

प्रश्न (नंदुरबार) : माझं ट्रकचं गॅरेज आहे, मुलगी वैमानिक व्हायला शिकतेय. टर्बोची गाडी थांबवली की आम्ही दोन मिनिटं इंजिन सुरू ठेवतो, नाहीतर टर्बो बसतो. विमानातही हेच का?

उत्तर : दादा, कारण तेच आहे. टर्बोचं बेअरिंग इंजिनाच्याच तेलावर चालतं. लालबुंद टर्बो एकदम बंद केला की आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून विमानांच्या पुस्तकांतही काही मिनिटं आयडल ठेवायला सांगितलेलं असतं.

फरक एवढा, की ट्रक घाट चढून ढाब्यावर थांबतो तेव्हा तापलेला असतो, तर विमान उतरताना आधीच पंधरा-वीस मिनिटं कमी ताकदीवर असतं. धावपट्टीवरून बाहेर वळताना टर्बो बहुतेक वेळा सगळ्यांत थंड असतो. त्यानंतर लांबलचक टॅक्सी केली, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेलं, की तो पुन्हा तापायला लागतो. मेच्या दुपारी वाऱ्याकडे शेपूट करून पाच मिनिटं उभं राहणं इंजिनाच्या सिलिंडरना तर मुळीच मानवत नाही. मुलीला सांगा : नाक वाऱ्याकडे, थ्रॉटल कमीत कमी, तापमानाच्या काट्यावर नजर. आणि त्या विमानाच्या पुस्तकात जेवढी मिनिटं लिहिली आहेत तेवढी पाळायचीच.

प्रश्न (शिरपूर) : सेस्ना 172 वर शिकलो. टर्बो विमानावर जाताना हाताची कोणती सवय बदलावी लागेल?

उत्तर : थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलायची. साध्या इंजिनात ती सवय चालते, कारण हवा जेवढी आहे तेवढीच आत जाणार. काही टर्बो विमानांत, उदाहरणार्थ पायपरच्या टर्बो अ‍ॅरोमध्ये, वेस्टगेट मुळात एकाच जागी बसवलेला असतो. तिथे थ्रॉटल झटक्यात दाबला तर मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब) मर्यादेच्या पुढे निघून जातं. शिवाय टर्बो जरा उशिरा जागा होतो, म्हणून हाताने दिल्यावर काटा थांबेपर्यंत वाट पाहायची. टेकऑफला नजर आधी मॅनिफोल्ड प्रेशरवर, मग वेगावर.

चढताना नाक खाली ठेवून वेग जास्त ठेवा, मिश्रण समृद्ध (हवेच्या मानाने इंधन जास्त), काउल फ्लॅप (इंजिनावरून जाणारी थंड हवा वाढवणारी झडपं) उघडे. सिलिंडर हेडचं तापमान 400 फॅरनहाइट, म्हणजे 204 सेल्सिअसच्या खाली राहील असं बघा. पुस्तकातली लाल रेघ त्याच्या बरीच वर असते, पण मी रेघेपर्यंत नेलेली इंजिनं उघडून पाहिली आहेत. त्यांचे सिलिंडर लवकर उतरवावे लागतात.

प्रश्न (अमळनेर) : अ‍ॅव्हगॅस, म्हणजे पिस्टन विमानांचं पेट्रोल, महाग आणि मिळायला कठीण. चांगल्या पंपावरचं पेट्रोल चालेल का?

उत्तर : नाही. अशा लायकमिंग-काँटिनेंटल टर्बो इंजिनात कधीच नाही. दाबलेल्या हवेत कमी ऑक्टेनचं, म्हणजे दाब कमी सोसणारं, इंधन वेळेआधी फुटतं आणि काही मिनिटांत पिस्टनला भोक पडू शकतं. पंपावरचा 95 आणि अ‍ॅव्हगॅसचा 100 हे आकडे वेगवेगळ्या पद्धतीने मोजलेले आहेत, ते शेजारी ठेवून तुलना करू नका. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या विमानांचे रबरी सील खातं. 2022 मध्ये इंडियन ऑइलने अ‍ॅव्हगॅस 100 एलएल देशातच, वडोदऱ्याजवळच्या रिफायनरीत बनवायला सुरुवात केली, त्याआधी ते आयात व्हायचं. असं विमान ताशी 60 ते 70 लिटर सहज पितं. नियमित पुरवठा कोण करणार हे विमान घेण्याआधी पक्कं करा.

प्रश्न (जळगाव) : चौघांत मिळून घ्यायचंय. मधूनमधून कुणाला भाडं घेऊन नेलं तर खर्च निघेल ना?

उत्तर : चौघांत घ्या, विमान जास्त उडेल आणि जास्त टिकेल. भाडं मात्र घेऊ नका. खासगी नोंदणीच्या विमानाला ते मना आहे. त्यासाठी वेगळा परमिट लागतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. करार कागदावर करा : तासाचा दर, महिन्याची ठरावीक वर्गणी, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरवायची. ओव्हरहॉलच्या निधीसाठी अंदाजे खर्चाला 2000 तासांनी नव्हे, 1400 तासांनी भागा. मधे सिलिंडरचं किंवा टर्बोचं काम न निघता मर्यादा गाठलेली टर्बो इंजिनं मी फार थोडी पाहिली आहेत.

प्रश्न (भुसावळ) : पावसाळ्याचे चार महिने विमान उभं राहिलं तर दर रविवारी हँगरबाहेर दहा मिनिटं इंजिन चालवलं की पुरेल का?

उत्तर : उलट नुकसान होईल. इंधन जळताना पाणी तयार होतं. दहा मिनिटांत तेल एवढं तापत नाही की ते पाणी उडून जाईल. ते तेलात मिसळून आम्ल होतं आणि गंज वाढतो. तेल 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअसच्या वर किमान तासभर राहायला हवं, आणि ते उडवल्याशिवाय जमत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातही चार-पाच दिवसांची उघडीप मिळते. अशा दिवशी सकाळी तासभर उडवून आणा. पंधरवड्यातून एकदा जमलं तर उत्तम. ते शक्यच नसेल तर साठवणीचं तेल घाला, स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावा, एक्झॉस्ट आणि हवेचं तोंड बंद करा, आणि मग प्रोपेलरला हातसुद्धा लावू नका. फिरवलात तर भिंतींवर उरलेली तेलाची पातळ साय पुसली जाते.

पिटो ट्यूबचं (वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळीचं) कव्हर विसरू नका, कुंभारमाशी एका दिवसात त्यात माती भरते. पाऊस संपल्यावर पहिल्या उड्डाणाआधी इंजिनावरचं झाकण पूर्ण काढा, नुसतं फटीतून डोकावू नका. साळुंकी सिलिंडरच्या मागच्या कोपऱ्यात काड्या भरते, समोरून त्या दिसत नाहीत. मी एकदा ओंजळभर वाळक्या काड्या आणि कापसाचा बोळा टर्बोच्या अगदी वर सापडलेला पाहिला आहे.