वाचक विचारतात : जाळीतून उलटं आलेलं मैलापाणी

प्रश्न : आम्ही तळमजल्यावर राहतो. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर येतं, संडासात बुडबुडे येतात. ड्रेनेज मोकळं करायची पावडर टाकून पाहिली, उपयोग झाला नाही.

उत्तर : आणखी टाकू नका. एकटं बेसिन तुंबलं तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये (वास अडवण्यासाठी पाणी साठून राहतं त्या वाकड्या पाइपात) असतो. जाळी आणि संडास एकदम उलटू लागले की मुख्य लाइन चोकअप झालेली असते. पावडरीतला कॉस्टिक सोडा तिथवर पोहोचतच नाही. तो साचलेल्या पाण्यात राहतो आणि लाइन उघडणाऱ्याच्या अंगावर उडतो. प्लंबर आला की ही गोष्ट त्याला सर्वांत आधी सांगा.

तोवर नळ, फ्लश, मशीन सगळं बंद. वरच्या मजल्यांनाही कळवा, कारण त्यांनी ओतलेली बादली तुमच्याच जाळीतून वर येणार. पाणी सॉकेट किंवा फ्रिजपर्यंत पोहोचलं असेल तर त्यात पाय घालू नका. मेन स्विच कोरड्या जमिनीवरून गाठता येत असेल तरच बंद करा, नाहीतर वीज बाहेरून तोडून घ्या.

मग चेंबर. झाकण उचलताना तोंड बाजूला ठेवा; काडी, लायटर, बिडी जवळ नको. घरालगतचं चेंबर काठोकाठ भरलं असेल तर अडथळा पुढे आहे. रिकामं असेल तर तो घर आणि चेंबरमधल्या पाइपात. पुढची झाकणं उघडत गेलात की शेवटच्या भरलेल्या आणि पहिल्या रिकाम्या चेंबरच्या मध्ये तो सापडतो. बहुधा गोठलेलं तेल, सॅनिटरी पॅड, झाडाची मुळं किंवा ओले वाइप्स निघतात. (‘फ्लश करता येतात’ असं पाकिटावर छापलेले वाइप्सही टॉयलेट पेपरसारखे सुटे होत नाहीत.)

सळई बाहेर उभं राहूनच चालवायची. चेंबरात किंवा सेप्टिक टँकमध्ये कुणीही उतरायचं नाही, मिनिटभरही नाही. हायड्रोजन सल्फाइड हा गटारातला विषारी वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. वास गेला म्हणून आत उतरणारा माणूस तिथेच कोसळतो.

प्रश्न : पाणी ओसरलं. दोनदा ब्लीचिंग पावडर शिंपडली, तरी घाण वास जात नाही.

उत्तर : मळावर शिंपडलेल्या पावडरीतलं क्लोरीन मळातच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून धुणं आधी, ब्लीच नंतर. रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि मास्क घाला. गाळ सुपलीने दुहेरी पिशवीत भरा, फरशी साबणाच्या पाण्याने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (३० टक्के क्लोरीनची) ढवळा. गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी वापरा. ५ टक्क्यांचं द्रवरूप ब्लीच असेल तर तेवढ्याच पाण्यात सुमारे ६०० मिलि. फरशी त्याने १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. मिश्रण त्या दिवसापुरतंच करा. संडास साफ करायचं अ‍ॅसिड यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. पंखा ब्लीच मारून झाल्यावर लावा. आधी लावलात तर जंतू घरभर उडतील.

गादी, उशा, फोम आणि फुगलेलं पार्टिकल बोर्ड टाकूनच द्या. जीव हळहळतो, पण आतपर्यंत मुरलेलं धुतलं जात नाही. कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

एवढं करूनही वास उरला तर जाळीत बादलीभर पाणी ओता. तुंबलेली लाइन एकदम सुटते तेव्हा ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वायू थेट घरात येतो. बरेचदा वासाचं कारण फरशी नसतंच.

नंतरच्या काही आठवड्यांत ताप, जुलाब किंवा कावीळ झाली तर मैलापाण्याशी संबंध आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं महिन्याभरानेही दिसू शकतात.

प्रश्न : नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवला की काम झालं ना?

उत्तर : कुठे बसवता त्यावर आहे. सगळ्या इमारतीच्या सामाईक लाइनवर बसवलात तर झडप बंद झाल्यावर वरच्या मजल्यांच्या पाण्याला बाहेरची वाट राहत नाही आणि ते तळमजल्यावरच उलटतं. तळमजल्याची लाइन वेगळी काढून चेंबरला जोडा आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर लावा. झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेव्हा नळ सोडू नका. झाकण उघडता येईल अशी जागा ठेवा आणि वर्षातून दोनदा झडप साफ करा. एक चिंधी अडकली तरी ती पुरती मिटत नाही.