जिमी नोलेनची गिटारवरची 'चिक-चिक' (न दाबता नुसत्या झाकलेल्या तारांचा कोरडा आवाज) वाजवायची कशी? तो होता कोण?

अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनचा गिटारवादक. जन्म १९३४, ओक्लाहोमा सिटी. मूळचा ब्लूजवाला, जॉनी ओटिसच्या 'विली अँड द हँड जाइव्ह' या गाण्यावर (१९५८) गिटार त्याचीच. १९६५ मध्ये ब्राउनकडे आला. १९७० च्या सुरुवातीला जवळजवळ अख्खा बँड ब्राउनला सोडून गेला, त्यात हाही होता, पुढे परतला. १९८३ मध्ये अटलांटात हृदयविकाराने गेला. सोलो फारसे नाहीत, म्हणून नाव कमी आणि नक्कल जास्त.

आता हात. ई नाइन्थ (E9) ही कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरा: पाचवी तार सातव्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधला कप्पा) मधल्या बोटाने, चौथी सहाव्यावर तर्जनीने, तिन्ही पातळ तारा सातव्यावर अनामिका आडवी टाकून. सहावी, सर्वांत जाड तार वाजवायची नाही. उजवं मनगट सैल, एका मात्रेत चार फटके, खाली-वर, न थांबता. सूर हवा तेव्हाच डावा हात क्षणभर दाबायचा, लगेच दाब सोडायचा. बोटं मात्र तारांवरच. उचललीत की मोकळ्या तारा घणघणतात.

सातव्या फ्रेटवर एक खोडी आहे: नुसता हलका स्पर्श राहिला तर हार्मोनिक वाजतं, 'चिक'ऐवजी 'टिंग'. करंगळीही तारांवर टेकवा, बंद होईल.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवा. बहुतेकांचा हात रिकाम्या, दाब नसलेल्या फटक्यांवर थांबतो आणि लय तिथेच सांडते. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) शून्य.