ग्वेलिनला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

चीनमधल्या ग्वेलिन शहरात एक रात्र पुरे, बाकी मुक्काम ली नदीकाठच्या यांगशुओ किंवा शिंगपिंग या गावांत ठेवा. चुनखडीचे ते सुळके खरे तिकडेच. ग्वेलिनहून यांगशुओला जाणारी मोठी बोट ली नदीतून चार-पाच तास घेते. निवांत आहे, पण गर्दी फार. माझं मत विचाराल तर नदीचा यांगदी ते शिंगपिंग हा टप्पाच बघा, सगळ्यात देखणा तोच. २० युआनच्या नोटेमागचं चित्र शिंगपिंगजवळचंच. काठावर नोट धरून फोटो काढणाऱ्यांची ही रांग लागलेली असते! इथले ‘बांबूचे’ तराफे मात्र पीव्हीसी पाइपचे आणि मोटारवाले. वल्हेकऱ्याने लांब काठीने ढकललेला खरा बांबूचा तराफा हवा असेल तर यूलोंग नदीवर जा.

एप्रिल ते जून धो धो पाऊस. ऑक्टोबर छान, फक्त पहिला आठवडा टाळा, राष्ट्रीय सुट्टी असते. अलीपे हे पैसे द्यायचं चिनी ॲप निघण्याआधी घरूनच सुरू करून ठेवा. आणि शाकाहारी असाल तर जपून: तिथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांवर मांस नको म्हटलंत तरी रस्सा हाडांचाच असतो.