ख्रिस्ती लोकांची 'मूर्तिपूजा' आणि आपली मूर्तिपूजा एकच का?

प्रश्न एका ताईंचा आहे. नागपुरातल्या सदर भागातल्या कॅथलिक मैत्रिणीसोबत त्या चर्चमध्ये गेल्या होत्या, तिथे मैत्रिणीने मेरीच्या पुतळ्यासमोर मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, हात जोडले, आणि ताई सहज बोलून गेल्या की अगं, म्हणजे तुमच्यातही मूर्तिपूजा आहेच की. मैत्रीण जाम भडकली. यात भडकण्यासारखं काय होतं, ख्रिस्ती लोक मूर्तिपूजा नेमकं कशाला म्हणतात, पूजा-उपासना-आराधना त्यांच्याकडे वेगळ्या आहेत का, आणि जाताजाता हेही की शेजारचे ख्रिश्चन काका गणपतीचा प्रसाद काऊन घेत नाहीत.

ताई, तुम्ही वाईट काही बोललाच नाहीत, पण तिला जे ऐकू आलं ते वाईट होतं. आपल्या रोजच्या मराठीत मूर्तिपूजा हा नुसता वर्णनाचा शब्द आहे, कोणी करतं, कोणी नाही करत, शाळेच्या पुस्तकात समाजसुधारकांच्या धड्यात 'मूर्तिपूजेला विरोध केला' असं येतं तेवढाच काय तो वाद. ख्रिस्ती मराठीत हाच शब्द पापांच्या यादीत असतो, येशूचा प्रेषित पौल याच्या बायबलमधल्या पत्रांत तो व्यभिचार, चोरी, दारूबाजी यांच्या रांगेत येतो. त्यातही व्यभिचाराशी नातं जास्त जवळचं, कारण जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागात, होशेय संदेष्ट्यापासून ही उपमा चालत आलीय की देव म्हणजे नवरा, त्याची प्रजा म्हणजे बायको, आणि दुसऱ्या देवाच्या मागे जाणं म्हणजे बाहेरख्यालीपणा. दहा आज्ञांमध्ये देव स्वतःला 'ईर्ष्यावान' म्हणवतो तो याच अर्थाने, नवऱ्याला वाटते ती ईर्ष्या. म्हणजे तुम्ही म्हणालात तुम्हीपण देवापुढे दिवा लावता, आणि तिला ऐकू आलं तू नवऱ्याला फसवतेस. भडकणारच ना बाप्पा!

आता मुळातला शब्द. इंग्रजी आयडॉलट्री हा ग्रीक 'एइडोलोलात्रेइआ'वरून आलाय, एइडोलोन अधिक लात्रेइआ. यातलं एइडोलोन फार मजेचं आहे. होमरच्या काव्यात मेलेल्या माणसांच्या पाताळात फिरणाऱ्या सावल्यांना एइडोलोन म्हटलंय, दिसतं पण हाताला लागत नाही असं काहीतरी, आभास, छाया. बायबलच्या ग्रीक भाषांतरकारांनी परक्या दैवतांच्या पुतळ्यांना हा शब्द लावला तेव्हा त्यात टोमणा होता की यात काही दम नाही. जुन्या कराराची मूळ भाषा हिब्रू, तिच्यातही तसंच, तिथे एक शब्द 'एलिलीम', म्हणजे फोल, कवडीमोल गोष्टी. आणि आपला मूर्ती शब्द बघा, मूर्त म्हणजे घट्ट झालेलं, आकाराला आलेलं. आपण वडिलधाऱ्या माणसालाही 'काय तेजस्वी मूर्ती होती' म्हणतो, कौतुकाने. म्हणजे ग्रीक शब्द म्हणतोय की तिथे काही नाहीच आणि मराठी शब्द म्हणतोय की जे दिसत नव्हतं ते इथे साकार झालंय. एकाचं भाषांतर म्हणून दुसरा वापरावा लागला याला इलाज नव्हता, दुसरा शब्द कुठून आणणार, पण भाषांतरात तो टोमणा मात्र गळून पडला आणि नुसता आरोप राहिला.

मग पुतळा करणंच मना आहे का? दहा आज्ञांतली मूर्तीची आज्ञा वाचली तर तसंच वाटतं, कोरीव मूर्ती करू नकोस, आणि पुढे मराठी बायबलात येतं, त्यांच्या पाया पडू नकोस, त्यांची सेवा करू नकोस. पण त्याच निर्गम पुस्तकात पाचच अध्याय पुढे देव मोशेला कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञा ठेवायच्या पवित्र पेटीवर, सोन्याचे दोन करूब, म्हणजे पंखवाले दूत, घडवायला सांगतो. पुढे रानात साप चावून लोक मरायला लागतात तेव्हा पितळेचा साप खांबावर चढवायला सांगतो, तोही देवच. हा पितळी साप शेकडो वर्षं टिकला आणि मग हिज्कीया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. वस्तू तीच, आधी देवाच्या हुकमाने केलेली, नंतर फोडण्यालायक. मधे बदललं ते लोकांचं वागणं. मला वाटतं ख्रिस्ती विचारातली मूर्तिपूजा समजायला ही एक गोष्ट पुरे आहे, सगळा भार 'पूजा'वर आहे, 'मूर्ती'वर नाही.

पण पूजा म्हणजे तरी काय? इथेच सगळा गोंधळ आहे आणि तो दीड हजार वर्षं जुना आहे. 'पाया पडू नकोस' या शब्दांवर आपला मराठी माणूस अडखळतोच, कारण आपण तर आजीच्याही पाया पडतो. हिब्रूतही तसंच होतं हो! आज्ञेत वाकण्यासाठी जे क्रियापद आहे तेच अब्राहाम हित्ती लोकांपुढे वाकतो तिथे आहे, आणि याकोब भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो तिथेही. त्याला कोणी मूर्तिपूजा म्हणत नाही. उलट नव्या करारात कर्नेल्य नावाचा रोमी अधिकारी येशूचा शिष्य पेत्र याच्या पाया पडतो तर पेत्र त्याला उठवतो, की अरे मीपण माणूसच आहे. वाकणं तेच, पण कर्नेल्य ज्या भावाने वाकला तो पेत्राला खपला नाही. म्हणजे वाकण्यावरून काही ठरत नाही, वाकताना मनात समोरच्याला कोणत्या जागी बसवलंय त्यावर ठरतं.

सैतान येशूला म्हणतो की मला नमन कर, तुला सगळी राज्यं देतो, तेव्हा येशूचं उत्तर मराठी बायबलात असं येतं की परमेश्वर तुझा देव याला नमन कर आणि केवळ त्याचीच उपासना कर. दोन क्रियापदं आहेत, आणि 'केवळ' फक्त दुसऱ्याला लागलाय. ग्रीकमध्येही असंच आहे, पहिलं प्रोस्कुनेओ म्हणजे वाकून नमस्कार, दुसरं लात्रेउओ म्हणजे देवाची म्हणून करायची ती सेवा. नमस्कार कोणालाही होऊ शकतो, लात्रेइआ मात्र एकट्या देवाचीच. तुमची मैत्रीण जर धर्मशिक्षणाच्या वर्गात नीट बसली असेल तर तिने हेच ऐकलं असणार, देवाला लात्रिया (हीच ती लात्रेइआ), संतांना दुलिया म्हणजे नुसता सन्मान, मेरीला जरा वरची हायपरदुलिया.

इसवी सन ७८७ मध्ये नायसिआ इथे भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या परिषदेने हेच अधिकृत केलं. त्याच्या आधी बायझंटाइन सम्राटांनी चित्रं-प्रतिमा काढून टाकायचा सपाटा लावला होता, ७५४ च्या परिषदेने तर प्रतिमा निषिद्धच ठरवल्या होत्या. प्रतिमांच्या बाजूने सगळ्यात ठासून लिहिलं ते दमास्कसच्या योहानाने, त्याचं म्हणणं असं की देव अशरीरी होता तोवर त्याचं चित्र काढता येत नव्हतं हे कबूल, पण तो देह घेऊन माणसांत राहिला त्याचं काय? 'शब्द देही झाला' हे बायबलमधल्या योहानाच्या (हा योहान वेगळा) शुभवर्तमानातलं वाक्य आपल्या कानाला किती ओळखीचं वाटतं बघा, सगुण-निर्गुणाचीच भाषा वाटते. तर परिषदेने ठरवलं की प्रतिमेला प्रोस्कुनेसिस, म्हणजे तो वाकून नमस्कार, चालेल, लात्रेइआ नाही, आणि प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो. पण हे ठराव लॅटिनमध्ये जाताना भाषांतरकाराने माती खाल्ली, सन्मानाच्या नमस्कारालाही 'अदोरात्सिओ' हा शब्द टाकला, जो देवाच्या आराधनेलाही चालतो. पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातल्या पंडितांनी ते वाचलं आणि खवळले, की ग्रीक लोक चित्रांची आराधना करायला सांगतात! जाडजूड खंडन लिहिलं त्यांनी. तुमच्या मैत्रिणीसारखंच झालं, फक्त ते राजाच्या खर्चाने भडकले.

कॅथलिक चर्चपासून फुटून निघालेल्या प्रोटेस्टंट मंडळींना मात्र ही वाटणी कधीच पटली नाही. त्यांच्यातला सोळाव्या शतकातला सुधारक कॅल्व्हिन, त्याने तर शब्दावरच बोट ठेवलं, दुलिया हा दूलोसवरून, म्हणजे गुलाम, आणि लात्रेइआ म्हणजे सेवा, मग सेवेपेक्षा गुलामी भारी की हलकी? आणि 'देव आणि धन या दोघांची चाकरी तुम्हाला करता येणार नाही' असं येशू म्हणतो तिथे ग्रीक क्रियापद हे दूलोसवालंच आहे. पॉइंट बिनतोड आहे असं माझं मत. कॅथलिक बाजू म्हणेल की शब्दाच्या व्युत्पत्तीवर धर्म चालत नाही, ठरवलेल्या अर्थावर चालतो, तेही बरोबरच. आज्ञा मोजण्यातही फरक पडलाय, बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा वेगळी, दुसरी म्हणून मोजतात, कॅथलिक आणि लुथरन ती पहिलीतच धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन करून दहा पुरे करतात. म्हणून 'दुसरी आज्ञा' म्हटलं की कोणाची ते विचारून घ्यावं. आणि आपल्या नागपुरात तर २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकनही होते, बॅप्टिस्टही, तेव्हा 'ख्रिस्ती लोक असं मानतात' असं सरसकट वाक्य इथे तरी जपूनच लिहावं.

तुम्हाला हे सगळं फार परकं वाटत असेल तर विदर्भातलेच महानुभाव पंथाचे लोक बघा. परमेश्वर एक, देवतांची भक्ती नको, यावर ते ठाम, पण चक्रधरस्वामी जिथे बसले-राहिले त्या स्थानांचे ओटे बांधलेत, तिथे माथा टेकतात, स्वामींच्या स्पर्शाने पावन झालेल्या वस्तूंना प्रसाद म्हणून वंदन करतात. रिद्धपूरला ओट्यापुढे वाकलेल्या माणसाला विचारा तुम्ही दगडाची पूजा करता का, तो तुम्हाला वंदन आणि भक्ती यातला फरक शांतपणे समजावून सांगेल, आणि ते ऐकून तुमची कॅथलिक मैत्रीण मान डोलावेल. तत्त्वज्ञान एक नाही, पण अडचण आणि त्यातून काढलेली वाट अगदी शेजारची. नागपुरात तर आपले कान याला तयार असायला हवेत, १४ ऑक्टोबरला आणि विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोक बाबासाहेबांना 'अभिवादन' करतात, बुद्धमूर्तीपुढे 'वंदना' घेतात, हे शब्द विचार करून निवडलेले आहेत.

आता वापराचं. मराठी प्रोटेस्टंट लोक रविवारच्या प्रार्थनेला 'उपासना' म्हणतात, गाणी-टाळ्यांच्या नव्या मंडळ्यांत 'आराधना' जास्त ऐकू येतं, कॅथलिक 'मिस्सा' म्हणतात आणि हिंदीत बोलणारे बिनदिक्कत 'मिस्सा पूजा'. म्हणजे पूजा हा शब्द सगळ्यांनाच वर्ज्य आहे असं नाही, पण मराठी प्रोटेस्टंट घरात तो सहसा नाही यायचा. तेव्हा उपासना हा सुरक्षित शब्द. मेरीबद्दल लिहिताना सन्मान, आदर, वंदन. 'प्रणाम मरिया' ही हिंदी प्रार्थना ऐकून आपल्याला ती पूजा वाटते, पण मुळातलं लॅटिन 'आवे' हे भेटल्यावर करायचं अभिवादन आहे, आणि इंग्रजी वर्शिपसुद्धा एकेकाळी नुसता मान होता, मॅजिस्ट्रेटला युअर वर्शिप म्हणायचे, कोणी त्याला उदबत्ती नव्हतं लावत.

आणि अर्थ पुतळ्याच्या पार बाहेरही जातो. पौल कलस्सैकरांना लिहितो की लोभ म्हणजेच मूर्तिपूजा. तिथे मराठी वाचक गडबडतो, की पैशाची मूर्ती कुठे असते? पण आपण म्हणतोच ना, त्याने पैशालाच देव मानलंय. तोच अर्थ, आणि प्रवचनांत मूर्तिपूजा हा शब्द बऱ्याचदा असाच येतो, करिअर, पोरांचे मार्क, मोबाईल, काहीही. अशा जागी भाषांतर करत असाल तर 'दैवत करणे' हा वाक्प्रचार वापरा, जास्त लवकर पोचतो.

राहिले काका. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पौलाला हाच प्रश्न विचारला होता आणि मराठी बायबलात तिथे चक्क 'नैवेद्य' शब्द आहे. तो म्हणतो मूर्ती म्हणजे काही नाहीच, तेव्हा खाल्ल्याने बिघडत नाही, पण तुझं बघून कच्च्या विश्वासाचा भाऊ अडखळत असेल तर खाऊ नको. पुढे आणखी बारीक सांगतो, कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं काही न विचारता खा, मात्र कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे तर खाऊ नको, आणि तेही सांगणाऱ्यासाठी. म्हणजे तुम्ही मोदक आणून दिलात तर काका खातील, 'बाप्पाचा प्रसाद आहे' म्हणालात की हात मागे जाईल. सगळेच असं पाळतात असं नाही, कित्येक घरांत आनंदाने घेतात, पण पाळणाऱ्याला उगाच खिंडीत गाठू नका, फराळाचं ताट वेगळं पाठवा, दिवाळीत ते तुम्हाला नाही म्हणत नाहीत आणि नाताळात केक पाठवतातच.

शेवटचं, तुम्ही प्रश्नात 'मूर्तीपूजा' लिहिलंय. एकटा शब्द मूर्ती दीर्घच, पण समासात पहिलं पद आलं की संस्कृतासारखा ऱ्हस्व होतो, म्हणून मूर्तिपूजा, मूर्तिपूजक, मूर्तिकार.