टॉवर समोर, झोप गायब

"मॅडम, घरासमोर मोबाईल टॉवर आहे, काही होणार तर नाही ना?" मी समुपदेशक, पण हा प्रश्न माझ्याकडे असा सरळ क्वचितच येतो. येतो तो डोकेदुखी म्हणून, झोप लागत नाही म्हणून, नवराबायकोची कुरबुर म्हणून, आणि मग दुसऱ्या तिसऱ्या भेटीत कधीतरी हळूच टॉवर निघतो. बरेच जण विचारतात म्हणून एक केस सांगते, परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

वैशालीताई म्हणू आपण. चाळिशीच्या आतल्या, बँकेत नोकरी, चौथ्या मजल्यावर टू बीएचके, लोनचे हप्ते अजून भरपूर बाकी. समोरच्या विंगच्या गच्चीवर टॉवर आधीपासूनच होता, त्याच्याकडे मान वर करून कोणी बघितलं पण नव्हतं. मग शेजारच्या काकूंना ब्रेस्ट कॅन्सर निघाला आणि वर्षाच्या आत त्या गेल्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टॉवरचा फोटो टाकून त्यावर लाल गोल काढला, झालं, तिथून सुरू.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला फोनची गॅलरी दाखवली. टॉवरचे फोटोच फोटो, सकाळचे, संध्याकाळचे, झूम केलेले, एखादा डबा नवीन बसवला का ते बघायला. मुलीच्या खोलीच्या खिडकीला पडद्यामागून पोळ्या गुंडाळायची फॉइल चिकटवलेली, मुलीचा बेड हॉलमध्ये आणलेला. फोनच्या पाठीवर सोनेरी गोल स्टिकर, रेडिएशन शोषून घेणारी चिप म्हणे. ऑफिसात ठीक असायच्या, घरी आलं की तासाभरात डोकं धरायचं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत जाग, आणि जागं राहून करायच्या काय तर त्याच फोनवर टॉवर आणि कॅन्सर असं टाकून वाचत बसायच्या.

"आमचे हे म्हणतात, अगं काही होत नाही. यांना काय कळतंय, हे काय सायंटिस्ट लागून गेले का?"

मी पण तेच म्हटलं असतं तर त्या परत आल्या नसत्या. त्यांच्याकडे कागदांची एक फाईलच होती, ती आम्ही शेजारी बसून वाचली. सगळ्यात वर आयआयटी मुंबईच्या प्रा. गिरीश कुमार यांचा टॉवरच्या धोक्यांबद्दलचा 2010 चा रिपोर्ट. त्याखाली 2011 ची बातमी, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोबाईल-टॉवरच्या लहरींना, कॅन्सर होऊ शकतो अशा गोष्टींच्या यादीत टाकल्याची. आणि मग ग्वाल्हेरची केस, तिथल्या एका कॅन्सर पेशंटच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये एक टॉवर बंद करायला लावला होता ती. बातम्या खोट्या नाहीत, पण त्यातून घ्यायचं किती हा प्रश्न असतो. 2011 चा गट '2बी', म्हणजे शक्यता आहे पण पुरावा तोकडा, त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि तो निर्णय मुख्यतः कानाला फोन लावून खूप बोलणाऱ्यांच्या अभ्यासांवरून झाला होता, टॉवरजवळ राहणाऱ्यांच्या नाही. पक्का पुरावा असलेल्या पहिल्या गटात काय आहे माहितीये? तंबाखू आणि सुपारी. जी आपण जेवण झालं की पाहुण्यांच्या हातावर ठेवतो. ग्वाल्हेरला कोर्टाने तो एक टॉवर बंद करायला सांगितला, त्यामुळे टॉवरने कॅन्सर होतो हे शास्त्राने सिद्ध झालं असं होत नाही.

दुसऱ्या बाजूचं पण वाचलं. ब्रिटनमध्ये 2010 साली चार वर्षांपर्यंतच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, कॅन्सर झालेली 1397 मुलं आणि त्यांच्याशी तुलनेला 5588 मुलं घेतली, आईच्या गरोदरपणी घर टॉवरच्या किती जवळ होतं ते तपासलं, संबंध सापडला नाही. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला आढावा आला, त्यातही मोबाईल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. आणि आपल्याकडे टॉवरच्या लहरींच्या ताकदीची मर्यादा 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, म्हणजे 900 मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीला चौरस मीटरमागे 4.5 वॉटऐवजी 0.45. अजून एक गोष्ट, जी ऐकून वैशालीताई गप्पच झाल्या. टॉवर लांब असेल, रेंज कमी असेल तर आपला फोन जास्त जोर लावतो, आणि तो असतो थेट कानाला. ती सोनेरी चिप खरंच सिग्नल अडवत असती तर फोनने उलट ताकद वाढवली असती. स्टिकर त्यांनी तिथेच नखाने काढला, सहाशे रुपये गेले म्हणाल्या.

इथे बऱ्याच जणांना वाटतं की संपली केस, माहिती दिली, भीती गेली. छे. पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, चार दिवस छान गेले आणि मग डोक्यात आलं, अभ्यास चार वर्षांच्या मुलांचा होता, माझी तर अकरा वर्षांची आहे. शंका अशीच असते, एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. मग सरकारी मोजणी करायचं ठरलं. दूरसंचार खात्याचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, तिथे आपल्या भागातले टॉवर बघता येतात आणि फी भरून मोजणी मागवता येते, फी 4000 रुपये अधिक टॅक्स. माणसं मीटर घेऊन आली, आकडा मर्यादेच्या कितीतरी खाली निघाला. आठवडाभर शांतता. मग, "त्या दिवशी कंपनीने पॉवर मुद्दाम कमी ठेवली असेल तर?"

मोजणी करू नका असं मी म्हणत नाहीये, जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. पण एकदाच. दुसऱ्यांदा करावीशी वाटली तर समजायचं की आता प्रश्न लहरींचा राहिलेला नाही, शंभर टक्के गॅरंटी हवी आहे आणि ती कोणतंच मीटर देत नाही.

डोकेदुखी मात्र खरी होती हं. मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. आधी डॉक्टरांकडे पाठवलं, हिमोग्लोबिन कमी निघालं, चष्म्याचा नंबर बदललेला, आणि झोप तर नव्हतीच. शिवाय भीतीने सुद्धा डोकं दुखतं, खरंखुरं. आम्हाला लहरींचा त्रास होतो म्हणणाऱ्या लोकांवर प्रयोग झालेत, सिग्नल चालू की बंद हे त्यांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही, तर त्रास दोन्ही वेळा साधारण सारखाच होतो. जोहान्सबर्गजवळ 2009 मध्ये लोक एका टॉवरमुळे डोकेदुखी आणि पुरळ येतंय म्हणून भांडत होते, नंतर कंपनीने सांगितलं की मधले काही आठवडे टॉवर बंदच ठेवला होता. हा किस्सा मी पेशंटला लगेच सांगत नाही. सांगितला की त्यांना ऐकू येतं, तुम्ही नाटक करताय.

फॉइल एका झटक्यात काढायला लावली नाही. आधी खालची अर्धी काच मोकळी, बेड तूर्त हॉलमध्येच. रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात. टॉवरचा विचार करायला रोज संध्याकाळी सात ते सव्वासात, वहीत लिहून, बाकी वेळी आला की "सातला बघू". हसल्या त्या, पण केलं.

आणि त्या वहीतच खरं काय ते निघालं. लिहिता लिहिता टॉवर मागे पडला आणि पानंच्या पानं काकूंवर. वैशालीताई ऑफिसातून येईपर्यंत मुलगी शाळेतून सुटली की काकूंकडेच असायची, पोहे खायची, होमवर्क करायची. शेवटच्या दिवसात काकूंनी दोनदा फोन केला होता आणि मार्च एंडिंग म्हणून वैशालीताईंना जाता आलं नाही. त्याबद्दल कोणापाशी बोलल्या नव्हत्या. टॉवर दोषी ठरला असता तर एक सोय झाली असती, रागाला जागा मिळाली असती. त्या दिवशी त्या खूप रडल्या, टॉवरचा विषय निघालाच नाही.

दुसरा राग वेगळाच आणि अगदी रास्त होता. टॉवर बसवताना कमिटीने कोणाला विचारलं नव्हतं, भाड्याचे पैसे कुठे जातात माहीत नाही, लाईट गेली की टॉवरच्या डिझेल जनरेटरचा आवाज आणि धूर सरळ यांच्या बेडरूममध्ये. कॅन्सर कॅन्सर म्हणून भांडलं की कमिटी हसते, आणि जनरेटरचा मुद्दा तसाच राहतो. मी म्हटलं, हे मांडा ना. पुढच्या जनरल बॉडीत त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या, गच्चीचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि जनरेटर दुसऱ्या बाजूला हलवा. ऑडिट मंजूर झालं, जनरेटरवर अजून वाद चालू आहे.

राहिला नवरा. एका भेटीला त्यांनाही बोलावलं, वैतागलेले होते बिचारे, रोज रात्री तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. त्यांना म्हटलं, तुम्ही उत्तर देणं बंद करा. काही होत नाही असं म्हटलं की पाच मिनिटं बरं वाटतं आणि म्हणून उद्या परत विचारावंसं वाटतं. "मग काय म्हणू?" म्हणू नका काही, विचारा, आज वहीत लिहिलं का, आणि चहा टाका. त्यांना हे जमायला बायकोपेक्षा जास्त वेळ लागला, कारण उत्तर माहीत असताना गप्प बसायचं म्हणजे, ते इंजिनिअर आहेत.