.३०८ आणि .३५७ साठी घरी रीलोडिंग सुरू करायचंय, कोणती डाय घेऊ?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: ओहायोत राहता, ग्रीन कार्ड झालंय, .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल आहे आणि .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. प्रेस (डाय ज्यात बसते ते दांड्याचं यंत्र) घेऊन झाली, पण दोन डायचा संच, तीनचा, चारचा, कार्बाइड, बुशिंग हे सगळं बघून डोकं गरगरलंय. आणि दोन वर्षांनी पुण्याला परत जाताना हा पसारा नेता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये नऊ वर्षं काढली, आता पेनसिल्व्हेनियात सात वर्षं घरच्या गॅरेजात रीलोडिंग करतोय, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरतोय. डाय म्हटलं की आपल्याकडे जे धूड डोळ्यांपुढे येतं, त्यापुढे हे खेळणंच. पोलादाचा एक नळा, बाहेरून सात सुती, इंचाला १४ आटे, आतून पुंगळीचा आकार; प्रेसच्या दांड्याने पुंगळी त्यात रेटायची. हा आटा जवळपास सगळेच पाळतात, त्यामुळे ली कंपनीची डाय आरसीबीएसच्या प्रेसवर बसते आणि उलटही. कंपनीवरून झोप घालवू नका.

रिव्हॉल्व्हरचं आधी उरकतो. कार्बाइडचा संच घ्या, दुसरा विचारच करू नका. पहिली डाय उडवलेली, फुगलेली पुंगळी दाबून मापात आणते आणि तिच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडची कडी असते. ती इतकी कडक आणि गुळगुळीत असते की सरळ पुंगळीला वंगण लावावं लागत नाही, आणि नंतर पुसत बसायचं कामही वाचतं. दुसरी डाय तोंड जरासं उमलवते, तिसरी गोळी बसवते आणि तोंड आवळते. चौथी डाय फक्त आवळण्यासाठी. ती चैन वाटते, पण .३५७ साठी मी घेईन. बार उडाला की रिव्हॉल्व्हर मागे उसळतं आणि सिलिंडरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या जागच्या जागी राहू बघतात, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी फार बाहेर आली की सिलिंडर अडकतो. गोळी बसवणं आणि आवळणं दांड्याच्या एकाच ओढीत केलं तर तोंड चावत असताना गोळी अजून खाली जात असते. दोन्ही कामं वेगळी केलेली बरी.

त्याच संचावर .३८ स्पेशलही होतं. .३५७ ची पुंगळी .३८ पेक्षा साधारण एक सूत लांब, बाकी अंग तेच. १९३५ साली .३५७ आली तेव्हा ती मुद्दामच लांब ठेवली, जुन्या .३८ च्या सिलिंडरमध्ये चुकूनही बसू नये म्हणून, कारण दाब खूप जास्त. एकीवरून दुसरीवर जाताना उमलवणारी, बसवणारी आणि आवळणारी डाय पुन्हा लावून घ्यायची, एवढंच.

आता रायफल. खरा प्रश्न इथे आहे.

.३०८ च्या पुंगळीला बाटलीसारखे खांदे आणि मान असते. तिला दोन डायचा साधा संच पुरतो, एक फुल लेंग्थ सायझिंग (पुंगळी पूर्ण लांबीत दाबून मापात आणणारी) आणि एक सीटिंग (गोळी बसवणारी). कार्बाइडवर इथे पैसे घालू नका, वंगण तरीही लागतंच. बुशिंग डायमध्ये मानेसाठी एकेक थाउच्या (इंचाचा हजारावा भाग) फरकाच्या कड्या बदलता येतात. मानेची जाडी मोजून पुंगळ्या निवडणाऱ्यांचं ते काम, तुमचं अजून नाही. 'फक्त मान दाबणारी डाय घे, पितळ जास्त टिकतं' असं कुणीतरी नक्की सांगेल. काही वेळा भरून झालं की पुंगळी घट्ट होते, बोल्ट रेटून बंद करावा लागतो, आणि मग फुल लेंग्थ घ्यावीच लागते. म्हणून पहिल्यापासून तीच घ्या आणि नीट लावा.

डायसोबतच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं: शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणारा प्रेसचा तुकडा) टेकवा, त्यानंतर थोडी आणखी फिरवा. त्याने पुंगळी कुठल्याही .३०८ मध्ये जाते हे खरं. पण तुमचं चेंबर (रायफलमध्ये काडतूस बसतं ती जागा) जरा मोकळं असेल तर दर वेळी खांदा गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला जातो, बार झाला की पुन्हा पुढे जातो, आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून ताणून पातळ होतं. बाहेरून तिथे चकचकीत वळं दिसतं. एका कागदी क्लिपची तार सरळ करा, टोक वाकवा आणि पुंगळीच्या आतून बुडाकडून वर ओढा. तार खाचेत अडकली तर ती पुंगळी भंगारात.

त्याऐवजी कंपॅरेटर घ्या. व्हर्निअरच्या जबड्याला लावायचं छोटं साधन आहे. उडवलेल्या पुंगळीचा खांदा मोजा आणि बोल्ट रायफलसाठी तो दोन थाउ मागे जाईल इतपतच डाय लावा. इंचाला १४ आटे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ७१ थाउ. दोन थाउ म्हणजे जेमतेम दहा अंश. घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत याहून जास्त फिरतो! इतकं बारीक लावलेलं हललं तर सगळी मेहनत फुकट, म्हणून डाय घेताना मी आधी तिची लॉक रिंग, म्हणजे डाय प्रेसवर जागच्या जागी धरणारी कडी, बघतो. लीच्या रिंगमध्ये रबरी ओ-रिंग असते, ती मला पटत नाही. हॉर्नडीची रिंग फटीची असते आणि बाजूच्या स्क्रूने आवळते. लीची डाय आणि हॉर्नडीच्या रिंगा, हे माझं .३०८ चं जोडपं. महाग संचापेक्षा स्वस्त पडतं आणि वाचलेल्या पैशात कंपॅरेटर येतो.

वंगणाचं मात्र माझ्याकडून शिका. टूलरूमची घमेंड होती, पहिल्याच दिवशी पुंगळीवर बोट फिरवल्यासारखं केलं आणि दांडा ओढला. अर्ध्यात अडकली. आणखी जोर लावला तर बुडाची कड फाटून शेलहोल्डरमध्ये राहिली आणि पुंगळी डायमध्ये. मग बुडाला ड्रिल, दोन सुती टॅप, वर वॉशर आणि बोल्ट लावून इंच-इंच बाहेर काढली. रविवार गेला. आता बोटाच्या टोकावर मेण घेऊन अंगाला पातळ थर देतो, खांद्याला जवळपास काहीच नाही. तिथे जास्त झालं की वंगणाला जायला जागा नसते आणि खांद्यावर खळगे पडतात.

आणि स्वस्तात मिळालेल्या जुन्या लष्करी पुंगळ्या घेण्याआधी आत टॉर्च मारून बघा. बुडाला मधोमध एकच भोक हवं. दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन जातीच्या प्रायमरची (प्रायमर म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी), ती टोपी ढकलून काढणारी डायची पिन तिथे मोडते.

(एच-१बी वर असलेल्या कुणी हे वाचत असेल तर थांबा. त्या व्हिसावर इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवायला बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते आधी वकिलाकडून समजून घ्या.)

पुण्याला न्यायचं म्हणाल तर नाही. आपल्या शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते, आणि बनवायला वेगळा परवाना लागतो. बॅगेतली डाय कस्टमच्या साहेबाला 'हे फक्त पोलादाचं नळकांडं आहे' म्हणून पटवायच्या भानगडीत पडू नका. निघायच्या आधी इथेच विकून टाका. आतून गंज नसेल तर वापरलेल्या डायला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून आत्तापासूनच काम झालं की तेलाचं फडकं फिरवून ठेवत जा.